नांगराची दोरी

मांजर्लीत पूर आला की लोक घरातलं पाणी उपसत बसतात. आम्ही माझ्या बापाची मिठागरावरची शिडाची होडी टेम्पोत घालून आणली आणि उल्हास नदीतच राहायला लागलो. हसणारे हसले. हसू देत.

परवा सकाळी नांगर तळाशी अडकला. माझा लेक कैलास तो सोडवायला पाण्यात उतरला. मी भाताची शितं टाकत मासे बघत होते. मासे नेहमी धारेला तोंड करून उभे राहतात. त्या दिवशी सगळ्यांची तोंडं नांगराच्या दोरीकडे होती. शितांना एकही शिवला नाही.

कैलास वर येईना.

पाण्यात बुडी मारलेल्याला आमच्यात नावानं हाक मारत नाहीत; खालून दुसरंच कुणी ओ देतं म्हणतात. पण मला राहवलं नाही. ओरडलेच, "कैलासऽ!"

दोरीला खालून हिसका बसला. माझा जीव भांड्यात पडला. मी दोरी ओढायला लागले. खालूनही कुणी ओढत होतं.

"आई, कुणाला ओढतेस?"

कैलास माझ्या पाठीमागे होडीचा काठ धरून लोंबकळत होता.

"मेल्या, जीव घेशील माझा!" मी त्याला बखोटीला धरून आत घेतला आणि कोयत्यानं दोरी तोडली.

धार जोराची होती. होडी जागची हलली नाही.

"आई, आपण वाहत का नाही?"

"गप बस," म्हटलं, आणि पदरानं त्याचं डोकं पुसत राहिले. माझं पोर वर आलं होतं. खाली जे कोण असेल, त्यानं खुशाल होडी धरून ठेवावी.