पळीच्या जागी

देवश्रीनं बोर्डावरचा बारा इंची पाना काढला आणि त्याच्या खिळ्यावर आमटीची पळी अडकवली. मागं वळून बघते तर दारात सासरे उभे.

हा बोर्ड म्हणजे बिंदुमाधव अण्णांचं दुसरं देवघर. सरकारी कारखान्याच्या टूलरूममध्ये त्यांनी छत्तीस वर्षं काढली आणि निवृत्त झाल्यावर तिथला कायदा घरी आणला. हत्यार घ्यायचं तर त्याच्या खिळ्यावर आपल्या नंबराचा पितळी बिल्ला अडकवायचा. हत्यार परत आलं की बिल्ला परत. स्वतः अण्णाही बिल्ला लावल्यावाचून साधा स्क्रूड्रायव्हर उचलत नसत. "ज्याच्या जागी बिल्ला लटकतो ते हत्यार, बाकी सगळं सटरफटर," असं ते आल्यागेल्याला ऐकवायचे.

घरात बिल्ले तीन. एक नंबर अण्णांचा. दोन नंबर गिरीराजचा, म्हणजे देवश्रीच्या नवऱ्याचा. पाना कुठल्या टोकाला धरायचा हे त्याला अजून नक्की कळलेलं नव्हतं. तीन नंबर धाकट्या सुहासचा. तो अकरा वर्षांपूर्वी होसकोट्याला वेगळा राहायला गेला आणि आता दिवाळीला तेवढा उगवतो. एकोणीस वर्षं या घरात राबणाऱ्या देवश्रीला मात्र बिल्ला नव्हता. द्यावा असं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं.

आज दिवाळी नसताना सुहास येणार होता. तिची सायकल न्यायला.

सायकलच्या मागच्या चाकाचा आरा तुटला होता, तोही नेमका गिअरच्या बाजूचा. तिथला दातेरी चक्रांचा गठ्ठा, म्हणजे कॅसेट, उतरवल्याशिवाय नवा आरा ओवता येत नाही. दुकानदार म्हणाला, "मेडम, सरांना पाठवा, त्यांना सांगतो." सरांनी दोन आठवडे चालढकल केली आणि परवा परस्पर भावाला फोन लावला: घेऊन जा, इथं नुसती गंजतेय. देवश्री सायकलवरून बेळ्ळंदूरच्या ऑफिसला जायची आणि त्याच रस्त्यानं गाडीतून जाणाऱ्या गिरीराजच्या आधी पोचायची. ते त्याला खुपत होतं की काय, देव जाणे. तिला मात्र अख्ख्या दिवसात तो एकच तास स्वतःचा होता, आणि तो ती होसकोट्याला जाऊ देणार नव्हती.

चाक स्वतःच दुरुस्त करायचं ठरवून हत्यारं निवडताना ती एकदा तोंडावर आपटलीही होती. पहिलं मागवलं ते जुन्या पद्धतीच्या फ्रीव्हीलचं निघालं. खाचा काही जुळेनात. गिरीराजनं ते टेबलावर कागद दाबायला ठेवलं आणि आठवडाभर हसून घेतलं. मग तिनं खाचा मोजल्या, माप घेतलं आणि बरोबर बसणारं सॉकेट मागवलं. गठ्ठा आवळून धरणारी कडी सोडवताना चक्रं फिरू नयेत म्हणून ती साखळीनं धरून ठेवावी लागतात. तेही हत्यार तिनं घरीच केलं, जुन्या रॅकच्या भोकाभोकाच्या लोखंडी पट्टीला जुनी साखळी नटबोल्टनं जखडून. उरला तो सॉकेट फिरवायचा मोठा पाना, आणि तो होता या बोर्डावर.

"हे काय?" अण्णांनी पळीकडं बोट केलं. "बिल्ल्याच्या जागी पळी?"

"मला बिल्ला दिलाय कुणी, अण्णा? या घरात माझी म्हणून ही पळी तेवढी आहे. पाना परत येईपर्यंत ती इथंच राहील. नियम तुमचाच."

"आणि आमटी?"

"आमटी थांबेल."

अण्णांना साडेबाराच्या ठोक्याला पान वाढलेलं लागे, आणि बारा तर कधीच वाजून गेले होते. गिरीराज पेपर टाकून धावत आला. "अगं, स्वल्प तोंड आवर! सुहास निघालाय तिकडून." अण्णा आत गेले. थोड्या वेळानं आतून भांडी आपटल्याचा आवाज आला. आपटू देत, देवश्री मनात म्हणाली आणि चाक घेऊन मागच्या अंगणात गेली.

डाव्या हातात साखळीची पट्टी, उजव्या हातात पाना. तिनं दोन्हीवर भार टाकला. काही हललं नाही. पुन्हा टाकला. पट्टी वाकते की काय असं वाटलं.

"हात दाखवून अवलक्षण," गिरीराज पुटपुटला.

तिनं ओढणी कमरेला बांधली, चपला भिरकावल्या आणि एकोणीस वर्षांचा राग दोन्ही मनगटांत उतरवला.

कडाक!

"मोडलंस ना!" गिरीराज ओरडला. तिलाही तसंच वाटलं. मग तिनं वाकून पाहिलं. मोडलं काहीच नव्हतं. चक्रांना आवळून बसलेली कडी सुटली होती.

पुढचं काम तासाभराचं. चक्रं उतरवून तिनं पायरीवर ओळीनं मांडली, नवा आरा ओवला, चाक डुगडुगायचं थांबेपर्यंत आरे पिळले आणि सगळं होतं तसं परत आवळलं. चाक सायकलला चढवून फिरवलं. ते सरळ फिरलं.

"सुहासभावजींना फोन करा," ती नवऱ्याला म्हणाली. "जेवायला या म्हणावं. सायकल मात्र मिळणार नाही."

"सरी, करतो," गिरीराज म्हणाला. त्यानं खिशातून फोन काढला.

पाना पुसून ती आत निघाली. अण्णा उपाशी बसले असतील, आता रात्रीपर्यंत घुमे राहतील, सुहाससमोर शोभा होईल. बसू देत. माघार घ्यायची नाही असं तिनं स्वतःला बजावलं. वाटेत चिंचगुळाच्या आमटीचा वास आला. शेजारच्यांची असेल, तिला वाटलं.

पाना अडकवायला तिनं बोर्डाकडं हात नेला आणि तो तसाच राहिला. खिळ्यावर पळी नव्हती. तिच्या जागी एक नंबरचा पितळी बिल्ला लटकत होता.