चादरीवरची सावली

निवृत्त झाल्यावर रूवेनला संगणकावर विमान उडवायचा नाद लागला. आपल्याच गावातल्या, बेर्शेबाच्या दुकानात त्या खेळाला जोडायच्या तीन सीडी समोर घेऊन तो अडून बसला होता. इंजिनांचे खरे आवाज घ्यावेत, ढगवारा घ्यावा, की गावाभोवतालच्या नेगेव वाळवंटाचा मुलूख?

"मुलूखच घ्या," बायको लिआ म्हणाली. "आपलं घर तरी दिसेल."

शुक्रवारी दुपारी लिआ शब्बाथचा विसावा सुरू व्हायच्या आधी धुणं वाळत घालायला गॅलरीत गेली, आणि रूवेनने आपलं लाल पट्ट्याचं छोटं विमान बेर्शेबावर आणलं. घरं नुसती ठोकळ्यांसारखी दिसतील, असं दुकानदार म्हणाला होता. पण पिवळ्या उन्हात त्यांची इमारत हुबेहूब उभी होती. वरच्या मजल्यावर दोरीवर पांढरी चादर संथ हलत होती. झोपेत तरंगावं तसा तो खाली उतरत गेला.

"अहो!" गॅलरीतून लिआची हाक आली. "विमान किती खालून गेलं! चादरीवर सावली पडली."

रूवेनने विमान वळवलं. पडद्यावर चादरीशेजारी आता एक बाई उभी होती. कपाळावर हात धरून ती थेट त्याच्याकडे बघत होती.

"परत येतंय! अहो, या ना, बघा तरी!"

हातातला विमान चालवायचा दांडा सोडून तो धावत गॅलरीत गेला.

मागे खोलीतला इंजिनाचा आवाज थांबला होता. तो आता समोरून येत होता. लाल पट्टा उन्हात चमकला. विमान सरळ गॅलरीकडे येत होतं, आणि काचेमागे चालकाची जागा रिकामी होती.