आत्मचरित्राचा वेग

"अहो, पळतोय की हा!" सासरे हरखून म्हणाले. त्यांच्या जुनाट कॉम्प्युटरला मी नवी रॅम बसवली होती. पाच वर्षं बालपणातच हँग झालेलं त्यांचं आत्मचरित्र आठवड्याभरात लग्नापर्यंत पोचलं.

सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात गाठलं. "जावईबापू, तुम्ही बसवलेलं ते काढून टाका. माझ्या माहेरच्यांची पार लाज काढलीय ह्यांनी!"

"लिहू द्या हो. तेवढाच विरंगुळा," मी त्यांच्या हातचा लाडू तोंडात कोंबत म्हणालो.

रविवारी सासऱ्यांनी नवं प्रकरण कौतुकानं वाचायला दिलं. मथळा होता 'लेकीची घोडचूक'. पहिल्याच ओळीत माझं नाव होतं.

"उरलेलं संध्याकाळी टाइप करतो," म्हणत ते आंघोळीला गेले. मी स्क्रूड्रायव्हर मागायच्या आत सासूबाईंनी तो पदराआडून पुढे केला.