तिसरी नळी

बाळांनो, मनात एक खोली उभी करा. भिंतीला ढोल टेकवून ठेवलेत. खिडकीबाहेर माणसं जमलीत. युद्धात गेलेल्यांची आठवण म्हणून आज सगळे उभे राहणार आणि बॅगपाइप वाजणार. खोलीत दोघी बहिणी आणि त्यांचे बँडमास्तर आहेत. तुम्ही धाकटीच्या जागी उभे राहा. आवाज चिरका, म्हणून घरात तिला टिटवी म्हणतात.

पणजोबांच्या बॅगपाइपची हवेची पिशवी ताईच्या काखेत होती आणि टिटवीचा नुसता जळफळाट चालला होता.

"दुसऱ्या ओळीत तू रोज अडखळतेस. मी एकदाही नाही."

"पिशवी काखेत घेतलीस की तुझी बोटं पोचतात का भोकांपर्यंत? आधी उंच हो."

"उंच काय, शिडीपण असते!"

"पुरे," बँडमास्तर म्हणाले. "टिटवे, तू सूर लाव."

वाजवणाऱ्याचे दोन्ही हात गुंतलेले असतात. त्यामुळे खांद्यावरच्या, एकच सूर धरून ठेवणाऱ्या तीन नळ्या दुसऱ्यानेच वरखाली सरकवून सुरात आणायच्या. एक जरी केसभर चुकली, तरी सगळं वाद्य रडकं होतं आणि लोक हसतात वाजवणाऱ्याला. टिटवीला हे पक्कं ठाऊक होतं.

फुंकायच्या नळीच्या टोकावर तिला खोल वण दिसले.

"मास्तर, हे कोणी चावलंय?"

"तुझ्या पणजोबांनी. पलटणीच्या पुढे वाजवत चालले होते. हातात बंदूक नाही. घाम डोळ्यांत उतरला तरी पुसायची सोय नाही. गोळ्या जवळून जायला लागल्या, की दात आवळायचे. घरी परत आला तो एवढा बॅगपाइपच."

"म्हणजे ते घाबरले होते?"

"लाकूड बघ ना केवढं चावलंय! पण मागच्यांना सूर ऐकू येत होता. दात कुठे दिसत होते?"

एवढं बोलून मास्तर दार उघडायला गेले.

ताईने पिशवी फुगवली. टिटवीने दोन नळ्या झटकन सुरात आणल्या. तिसरी मुद्दाम जराशी वर ठेवली.

"झालं," ती म्हणाली.

दार उघडलं. बाहेर सगळे उठून उभे राहिले. ताईने वाजवायला सुरुवात केली; आता थांबता येणार नव्हतं. खांद्यावरचा सूर रडत होता आणि ताईला ते ऐकू येत होतं. पण तोंडात नळी, हात गुंतलेले. तिने फक्त टिटवीकडे पाहिलं. ताईचे दात त्या जुन्या वणांवर घट्ट आवळलेले होते. कपाळावरून घाम ओघळून भुवईत थांबला होता.

टिटवीने टाचा उंचावल्या आणि तिसरी नळी खाली सरकवली. तिन्ही सूर एक झाले.

मग तिने आपल्या बाहीने ताईचं कपाळ पुसलं. जरा जोरातच.