डाव्या हाताचे टोपडे

सहाव्या दिवशीही मालनच्या सुईवरचे वीस टाके तिसऱ्या ओळीत एकोणीस झाले. सुगंधाताईंनी पट्टी उजेडाकडे धरून पाहिली आणि उसवून टाकली.

सुगंधाताई मरोळला मालनच्याच चाळीत बारा वर्षे विणकाम शिकवीत होत्या. त्यांची पद्धत एकच होती: शिकणारीला आपल्या उजव्या अंगाला बसवायचे आणि कोपराला कोपर लावून हात दाखवायचा. या पद्धतीने चाळीतल्या बहुतेक बायका शिकल्या होत्या. मालन डावखुरी होती. पहिली ओळ ती दात आवळून उजव्या हाताने पुरी करी. दुसऱ्या ओळीत लक्ष जरा ढळले की काम करणारी सुई आपोआप डाव्या हातात जाई, आणि तिथून पुढे टाके पीळ घेऊ लागत.

रविवारी भांडुपला, वहिनीच्या माहेरी, मालनच्या भाचीचे बारसे होते. टोपडे आत्याने न्यायचे असते. ते मी स्वतः विणीन, असे मालनने भावाला सांगून टाकले होते. तिच्या आईने, रुक्मिणीबाईंनी, त्याला एक अट जोडली होती: बाळाच्या पहिल्या टोपड्याला डाव्या हाताचा टाका लागता कामा नये. का, हे विचारण्याची त्यांच्या घरात रीत नव्हती. डाव्या हाताने घास उचलल्याबद्दल मालनने लहानपणी पुष्कळ धपाटे खाल्ले होते. कारण तेव्हाही सांगितले गेले नव्हते.

अट पाळली जाते की नाही हे पाहायला रुक्मिणीबाई रोज सुगंधाताईंच्या दारात तांदूळ निवडत बसत. आज त्यांनी निकाल दिला.

"राहू दे गं आता. बाजारातून तयार आणू. पोरगी दहावीला जाईल तेव्हा होईल तुझं टोपडं."

मालन औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात स्क्रूचे आटे तपासण्याचे काम करी. बिघाड वस्तूत आहे की मापात, हे आधी ठरवायचे, ही तिथली शिस्त. ती थोडा वेळ सुगंधाताईंच्या हातांकडे पाहत राहिली. मग तिने आपले स्टूल उचलले, त्यांच्यासमोर, गुडघ्याला गुडघा लागेल असे ठेवले आणि बसली.

"ताई, विणा आता. हळू."

समोरून पाहताना सुगंधाताईंची उजवी सुई मालनच्या डाव्या हातासमोर येत होती. आरशात पाहून भांग पाडावा तितके ते सोपे झाले. आपल्या विणीची मागची बाजूच तिला दिसते आहे, हे सुगंधाताईंच्या ध्यानात आले, तेव्हा त्यांनी सुया थोड्या खाली झुकवल्या. पहिली ओळ वीस. दुसरी वीस. पाचवी ओळही वीस.

दारातले तांदूळ थांबले.

"डावीने विणतेयस तू."

"आई, सायकलच्या डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. मुद्दाम तसे करतात. सरळ ठेवले तर चालवता चालवता पायडल सुटून येतं."

"पोरीला टोपडं घालायचंय की सायकलवर बसवायचंय?"

सुगंधाताई इतक्या हसल्या की त्यांचा स्वतःचा एक टाका निसटला. बारा वर्षांतला पहिलाच, असे त्यांचे म्हणणे. रुक्मिणीबाई सूप उचलून नळाचे पाणी भरायला निघून गेल्या.

त्या सहा वाजता परतल्या, तेव्हा सुगंधाताईंनी त्यांच्या मांडीवर दोन पिवळ्या पट्ट्या ठेवल्या. एकाच लडीची लोकर, एकाच जाडीच्या सुया, वीस टाके, वीस ओळी. एक मालनची, एक सुगंधाताईंची.

"काकू, यातली डाव्या हाताची कुठली, तेवढं सांगा. बरोबर सांगितलंत तर उद्या मीच बाजारातून टोपडं आणते."

रुक्मिणीबाईंनी दोन्ही पट्ट्या ताणून पाहिल्या, उलटून पाहिल्या, दाराशी नेऊन पाहिल्या. अखेर त्यांनी किंचित सैल असलेली पट्टी उचलली.

"ही. डावीचं काम लपत नाही."

"ती माझी," सुगंधाताई हसत म्हणाल्या.

एका चाचणीवरून निष्कर्ष काढू नये, हे तत्त्व रुक्मिणीबाईंना कोणी शिकवले नव्हते. तरी त्यांनी दुसऱ्या चाचणीचा आग्रह धरला, आणि तीही डोळे मिटून, नुसत्या बोटांनी. पट्ट्यांची अदलाबदल झाली. त्यांनी बराच वेळ घेतला आणि पुन्हा सुगंधाताईंचीच पट्टी उचलली. या खेपेस कोणी हसले नाही. रुक्मिणीबाईंनी मालनची पट्टी घेतली, अंगठ्याने तिची कड चाचपली आणि म्हणाल्या.

"दोऱ्या मऊ लाव. हनुवटीला काचतात."

रविवारी भांडुपला पिवळे टोपडे घातलेले बाळ पाळण्यात झोपले होते. त्याला डोक्यावरच्या टाक्यांची दिशा ठाऊक नव्हती. मालनने वाकून त्याच्या कानात नाव सांगितले आणि मोठ्याने कुर्र केले. त्यासरशी, रिवाजाप्रमाणे, भोवतीच्या बायकांनी आत्याची पाठ बडवायला सुरुवात केली. शेवटचा धपाटा सर्वांत जोराचा होता. पाठ चोळत, हसत मालनने वळून पाहिले. पाळण्याला लागून आई उभी होती. तिचा डावा हात अजून उगारलेला होता; उजवा पाळण्यात होता. टोपड्याची दोरी ती सैल करीत होती.