पाजू नकोस

“पाजू नकोस त्याला,” मागे वळूनही न बघता तुदा म्हणाली.

इज्जाने वर घेतलेली चादर पुन्हा खाली ओढली. बासू तिच्या छातीशी झोंबत होता, रडून रडून लालबुंद झाला होता.

“आत्या, सकाळपासून त्याच्या पोटात काही नाही.”

“चढावर दूध प्यायलेलं पोर ओकतं. जवाचं पाणी दे दोन घोट. आणि तोंड मिटून चाल.”

तुदा इज्जाची सख्खी आत्या आणि लग्नानंतर सासू. म्हणजे माहेरी तक्रार करायची तरी तिच्याच भावाकडे. इज्जा चालत राहिली.

गावात सांगितलं होतं, वरच्या कुरणावर चाललोय, मेंढ्यांपाशी. खरं काय ते गावातल्या कोंबड्यांनाही ठाऊक होतं. कुरणाच्या हद्दीवरून भांडण झालं, इज्जाच्या नवऱ्याने, हम्मूने, धक्का दिला आणि डोंगरापलीकडच्या गावचा झायद दगडावर आपटून मेला. हम्मू त्याच रात्री परागंदा झाला. झायदचा बाप उसादेन याने शपथ घेतली, त्या घरातला जो पुरुष हाती लागेल त्याचा जीव घेईन. घरात आता एकच पुरुष उरला होता आणि त्याला अजून धड बोलता येत नव्हतं.

वाटेवर खेचराच्या टापा वाजल्या. तुदाने दोघांना खडकाआड ओढलं. बासूने रडायला तोंड उघडलं. अशा वेळी कुठलीही आई काय करते? इज्जाचा हात चोळीकडे गेला. तुदाने तो झटकला आणि आपलं बोट पोराच्या तोंडात कोंबलं. खेचरवाला गुणगुणत निघून गेला.

“चावला मेला,” तुदा बोट झाडत म्हणाली. “बापावर गेलाय.”

इज्जाला हसू आलं नाही. महिन्याभरापूर्वी हीच बाई म्हणाली होती, पोराचं दूध तोडू नकोस, अजून दोन वर्षांचा व्हायचाय. आणि आज हा हट्ट.

“पुढच्या चंद्राला दोन पुरी होतील,” तुदा पुटपुटली. “मग उशीर.”

“कशाला उशीर?”

“तुझ्या अकलेला. चाल.”

मेंढपाळांच्या दगडी खोपटात त्यांनी मुक्काम केला. विस्तव पेटवायची सोय नव्हती, धूर लांबून दिसतो. भाकरीचा तुकडा आणि चार ऑलिव्ह. बासू हुंदके देत होता. इज्जाची चोळी दुधाने भिजून अंगाला चिकटली होती, छाती ठणकत होती.

तुदाने मात्र नेहमीसारखी जिभेची सुरी परजली. “तुझ्या बहिणीचं लग्न का मोडलं, आठवतंय? त्या नवऱ्या पोराला दोन वर्षांचा व्हायच्या आत तुझ्या आईने पाजलं होतं. एकदाच! एक घोट दूध आणि झाला दूधभाऊ. भावाला कोण जावई करतं? तुझी आई भारी उदार. गावाची पोरं पाजली नि स्वतःची लेक घरात बसवली.”

“माझ्या आईला नावं ठेवायला इतकं वर आणलंत?”

“वेळ जात नाही म्हणून ठेवतेय. झोप.”

बासूला तिने आपल्या कुशीत घेतलं आणि शालीची गाठ मारली. इज्जाने हळूच हात पुढे केला, तशी ती अंधारातच म्हणाली, “हात मागे.” मग थोड्या वेळाने, स्वतःशीच, “सणाला माझा हम्मू घरी असेल.”

हम्मू घरी कसा येईल? रक्ताला रक्त मिळाल्याशिवाय उसादेन त्याला येऊ देईल? आईला मुलगा जवळचा की नातू? तिने डोळा मिटला नाही.

उजाडलं. खिंडीत वाट फुटत होती. डावी कुरणाकडे, उजवी पलीकडच्या गावाकडे. पाठीवर बासूला बांधून तुदा उजवीकडे वळली.

“आत्या! ती वाट त्यांच्याकडे जाते!”

“मी या डोंगरात जन्मले. मला वाट शिकवतेस?”

“माझं पोर द्या!”

“ओरड. खालून माणसं येतील. ती माझ्यासारखी बोलत बसणार नाहीत.”

सासू उतरत सुटली. साठी उलटलेली बाई, पण पायांत शेळी. इज्जा मागे धावली. धावता धावता तिने एक दगड उचलला, मुठीत मावेल एवढा, आणि चादरीखाली लपवला. एकदा हात उगारलाही. पण म्हातारीच्या पाठीवर बासू होता.

गावाच्या तोंडाशी उसादेनचं घर. अंगणातली भट्टी पेटली होती. भट्टीशेजारी झायदची बायको रब्हा तान्ह्या लेकीला पाजत बसली होती. तिने या दोघींना पाहिलं आणि ती किंचाळली. आतून दरवाजा धाडकन उघडला.

तुदाने शालीची गाठ सोडली. बासूला खाली ठेवलं. आणि हात काढून घेतला.

“बासू!” इज्जाचा आवाज फुटला.

पोराने आईकडे पाहिलंच नाही. दुधाचा वास आला तसा तो लुटुलुटु चालत सरळ रब्हाकडे गेला आणि तिच्या मांडीवर चढला. रब्हाने त्याला लोटायला हात उचलला. उचललेला हात तसाच राहिला. बासूने तोंड लावलं होतं. दिवसभराची नि रात्रीची भूक, गटागट आवाज अंगणभर ऐकू येत होता. रब्हाच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. उचललेला हात सावकाश खाली आला, त्याच्या डोक्यावर.

उसादेन बंदूक घेऊन उंबऱ्यात उभा होता. त्याने रब्हाच्या मांडीवरची दोन डोकी पाहिली. मग तुदाकडे पाहिलं, बराच वेळ. तुदाने मान खाली घातली नाही.

त्याने बंदूक भिंतीला टेकवली आणि आतल्या बायकांवर खेकसला, “बघताय काय नुसत्या? माझ्या नातवाची आई अंगणात ताटकळतेय, तिला आत घ्या.”