चौथं बोट

रुमालाखाली हात घातला आणि अर्जुनाच्या लगेच ध्यानात आलं. लालासाहेबांचा हात थरथरत होता. घामानं चिंब झाला होता.

वा रे वा! याच घडीसाठी तर त्यानं वर्ष काढलं होतं.

सांगलीच्या यार्डात हळदीचा सौदा चालू होता. अडते लालासाहेब रुमाल धरून उभे, भोवती पन्नासेक व्यापारी. खरेदीदारानं रुमालाखाली अडत्याचा हात धरायचा आणि बोटं दाबून भाव सांगायचा. बाहेरच्याला काही दिसत नाही. गेल्या साली याच जागी, इस्लामपूरहून खरेदीला आलेला अर्जुन भाव सांगत असताना, लालासाहेबांनी एकाएकी रुमाल भिरकावला होता आणि ओरडले होते, "बघा रं, इस्लामपूरच्या वाघाचा हात कसा थरथरतोय!" सगळं यार्ड खदखदून हसलं. अर्जुनाची छाती धडधडायला लागली, श्वास कोंडला, तो पोत्यावर मटकन बसला. आता मरतो, असंच वाटलं त्याला.

त्या दिवसापासून तो 'थरथऱ्या' झाला. यार्डाचं नुसतं नाव काढलं तरी तसाच झटका यायचा. बायकोनं, राजेश्वरीनं, हट्टानं मनाच्या डॉक्टरकडं नेलं. गोळ्या चालू झाल्या. श्वास मोजायला शिकला, चारपर्यंत आत, सहापर्यंत बाहेर. डॉक्टरीणबाईंच्या सांगण्यावरून आधी यार्डाच्या फाटकापर्यंत, मग चहाच्या टपरीपर्यंत, मग आत. पण आत यायला बळ दिलं ते रागानं, हे त्यानं बाईंना कधी सांगितलं नाही.

आणि आज म्हातारा आयताच हाती लागला होता. फक्त रुमाल उडवायचा. अर्जुनानं डाव्या हातानं टोक धरलंसुद्धा.

"अर्जुना," लालासाहेब पुटपुटले. ओठ पांढरेफटक पडले होते. "छाती आवळतीया. मी मरतोय रं."

झक मारली आणि हे शब्द ओळखीचे निघाले! अर्जुनाला स्वतःचाच संताप आला, पण टोक हातातनं सुटलं.

"मरत न्हाई, आबा. मी दाबतो तसा श्वास घ्या."

एकामागं एक चार बोटं दाबली, आत. मग हळूहळू सहा वेळा, बाहेर. पुन्हा आत. पुन्हा बाहेर.

"लय घासाघीस चाललीया," मागनं कुणीतरी म्हणालं.

हात निवत आला. लालासाहेबांचे डोळे भरले होते.

"कवापासनं हाय हे?" अर्जुनानं दाबता दाबता हळूच विचारलं.

"चार वर्सं झाली. काळीज तपासलं, ठणठणीत हाय म्हणत्यात. घरात बी कुणाला ठावं न्हाई." ते अडखळले. "गेल्या साली तुझा हात थरथरत न्हवता रं. माझा व्हता. लोकांना कळंल म्हणून तुझ्यावर ढकललं."

अर्जुनाची बोटं तीनवर थांबली.

म्हणजे वर्षभराची उडालेली झोप, गोळ्या, गावभर झालेलं नाव, सगळं या माणसाच्या थरथरीपायी! त्याचं डोकं सणकलं. बोटं थांबली तसा लालासाहेबांचा हात पुन्हा थरथरायला लागला.

अर्जुनानं रुमाल भिरकावला.

"बघा रं!" तो ओरडला. "गेल्या साली बी हाच हात थरथरत व्हता!"

लालासाहेबांनी हात ओढून घ्यायला बघितलं. अर्जुनानं तो सोडला नाही. घट्ट धरला, आणि सगळ्यांदेखत चौथं बोट दाबलं.